नाव न जुळलेली कार्डं

आधी बाईंचं सांगते, मग माझं. बाई म्हणजे आमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाई. मला सोलापुरात नोकरी लावून दिली त्यांनी, विसरलेली इंग्रजी अक्षरं पुन्हा गिरवून घेतली त्यांनी, आणि ज्या गोष्टीसाठी दुसऱ्या कुणीही मला दारातून बाहेर काढलं असतं ती गोष्ट पोटात ठेवली, तीही त्यांनीच. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांच्या नावाचा माझ्या हातून एकदा पुरेसा घोळ झालेला आहे.

मी तळकोकणातली. सहावी झाले आणि शाळा सुटली. पुढची शाळा खाडीपलीकडे होती, आणि मुलीला रोज होडीतून एकटी कशी सोडायची, असं म्हणून वडिलांनी मला घरी बसवलं. नंतर त्यांना ते फार लागलं. तोंडाने कधी बोलले नाहीत, पण माझी सहावीची एक वही त्यांनी पेटीत जपून ठेवली होती, एवढं मला ठाऊक होतं.

लग्न झालं, ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं गेलं, आणि दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी ह्यांची बदली एस.टी.च्या सोलापूर डेपोत झाली. खाडी नाही, झाड नाही, दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मिलचा भोंगा झाला की उठायचं आणि भोंगा झाला की चूल पेटवायची. वडिलांचं पत्र हाच काय तो विसावा. पण वडील पत्ता घालताना सवयीने माझं माहेरचं नाव घालायचे. असं एक पत्र 'या नावाचं इथे कुणी नाही' म्हणून परत गेलं. ते कळल्यावर मी आठ दिवस रडत होते. हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते करताना मला हे आठवायला हवं होतं.

बाई आमच्या गल्लीत दोन घरं सोडून राहायच्या. वाण्याच्या दुकानापुढे उभी राहून मी शेंगांच्या पुडीचा कागद वाचत होते, ते त्यांनी पाहिलं.

"वाचता येतं?"

"मराठी येतं."

"आणि इंग्रजी?"

"ए बी सी डी होती. विसरले."

"विसरलीस म्हणजे होती की. मग परत येईल," असं म्हणाल्या आणि महिन्याभरात कॉलेजच्या ग्रंथालयात मदतनीस म्हणून मला लावून मोकळ्या झाल्या.

माझं काम साधं. पुस्तकं जागेवर ठेवायची, धूळ पुसायची, आणि ऑफिसातून वर आलेलं टपाल प्राध्यापकांच्या खणांत टाकायचं. प्रत्येक खणावर इंग्रजीत नावाची चिठ्ठी होती. मला अख्खं नाव वाचता येत नसे. बाईंनी युक्ती सांगितली होती, "आधी आडनावाचं पहिलं अक्षर बघ, मग शब्दाची लांबी बघ, मग चिठ्ठीशी ताडून बघ." तसं मी ताडून बघायची. चूक होईल या भीतीने एकेक पाकीट तीनतीनदा ताडायची.

टपाल वर आणायचे शिपाई मामा. मंगळवेढ्याकडचे, घरी थोडी कोरडवाहू जमीन. बाईंचा अभ्यास ज्वारीच्या काणीवर. काणी पडली की दाण्याच्या जागी काळी भुकटी होते. मामा सुगीत बाईंना तसली कणसं पिशवीतून आणून द्यायचे आणि दरवेळी तेच म्हणायचे, "बाई, समदी दुनिया चांगली कणसं मागती, तुमी एकल्या किडकी मागता. घरात लई हसत्यात मला!"

"हसू द्या," बाई म्हणायच्या, "हसणाऱ्यांच्या शेतातली पण आणा."

तर टपालात मधूनमधून परदेशी कार्डं यायची. जाड, गुळगुळीत, तिकिटं अशी की बघत राहावं. कुणावर पक्षी, कुणावर डोंगर, एकावर कसलंसं जांभळं फूल. त्यांवर एक नाव असायचं, आणि त्याखाली कुणीतरी शाईने जुना पत्ता खोडून आमच्या कॉलेजचा पत्ता घातलेला असायचा. ते नाव माझ्या कुठल्याच खणाशी जुळायचं नाही. पहिलं अक्षर नाही, लांबी नाही, काहीच नाही.

"मामा, हे कुणाचं?"

मामा कार्ड उलटंसुलटं करून बघायचे. "आपल्या हितं न्हाय कोन ह्या नावाचं. टाका त्या खालच्या खनात."

खालचा खण बेवारशी टपालाचा. तिथलं टपाल महिन्याने परत द्यायचा नियम होता, पण तो कुणी पाळत नसे. कार्डं साठत गेली. एक दिवस मामाच म्हणाले, "ताई, कशाला धूळ खात ठेवायची? तिकिटं तेवढी काढून घ्या की. लई झ्याक हायेत."

मी घेतली. कार्डाचा तिकिटाचा कोपरा कात्रीने कापायचा आणि वडिलांच्या पत्रात घालायचा. बाकीचं कार्ड चुलीत. पहिली काही कार्डं तर मी अख्खीच पाठवली होती, आणि एकदा एक निळं हवाई पत्रही, कारण त्याच्यावर तिकीट छापलेलंच होतं आणि ते कापायला मन झालं नाही. वडिलांना लिहिलं, 'माझ्या कचेरीत अशी पत्रं येतात.' खोटं काही नव्हतं त्यात. पण ज्या मुलीला आपण होडीत बसवलं नाही तिच्या हातात आता ऑस्ट्रेलियाचं टपाल असतं, हे त्यांना कळावं, एवढा मतलब होता. वडिलांचं उत्तर आलं, 'बाय, गावात सगळ्यांना दाखवली. मास्तरांनी देश ओळखून दिले. आणखी पाठव.'

मी आणखी पाठवली.

इथे एक गोष्ट लपवता येईल, आणि तेव्हा मी ती स्वतःपासूनही लपवत होते. त्या कार्डांवर नावाखाली विभागाचं नाव असायचं. पहिल्या वर्षी मला ते वाचता येत नव्हतं, हे खरं. पण दुसऱ्या वर्षी येत होतं. बाईंच्याच विभागाच्या दारावर तो शब्द रोज बघत होते मी. बी, ओ, टी. एकदा कार्ड हातात धरून मी तो पुरा वाचला. जाऊन विचारायचं होतं, 'बाई, तुमच्याकडे या नावाचं कुणी आहे का?' पण विचारलं असतं तर मागच्या कार्डांचं काय केलं हे निघालं असतं. शिवाय हिला अजून नीट वाचता येत नाही, असंही झालं असतं. आणि तिकडे वडील वाट बघत होते. मी कार्ड पदराआड घेतलं. त्यावर गव्हाच्या लोंबीचं तिकीट होतं.

तिसऱ्या वर्षी, उन्हाळा लागत असताना, बाई एक फॉर्म घेऊन ग्रंथालयात आल्या. विद्यापीठाकडून त्यांना संशोधनाच्या मार्गदर्शक म्हणून मान्यता हवी होती. ती मिळाली तर त्यांच्या हाताखाली मुलं पीएच.डी. करू शकणार होती. नाही मिळाली तर जन्मभर बी.एस्सी.च्या मुलांना पानांचे आकार शिकवायचे. फॉर्मात तीन गोष्टी विचारल्या होत्या. लेख किती, त्या लेखांचा आधार दुसऱ्या किती जणांनी घेतला, आणि कुणाकुणाबरोबर मिळून काम केलं.

"दुसऱ्याने आधार घेतला हे कळतं कसं?" मी विचारलं.

बाईंनी एक जाडजूड बांधलेला खंड उघडला आणि लेखाचं शेवटचं पान दाखवलं. बारीक अक्षरांत नावांची रांग. "कुणी आपलं काम वाचून पुढचं काम केलं, की शेवटी आपलं नाव असं लिहितो."

"म्हणजे उपकार मानल्यासारखं?"

त्या हसल्या. "तसंच. पण छापील. पुण्यामुंबईच्या मोठ्या ग्रंथालयांत याची तयार सूची मिळते म्हणे. आपल्याकडे नाही. आपल्याकडे तू आहेस."

तर मी कामाला लागले. रोज दुपारी चार-पाच खंड घ्यायचे, प्रत्येक लेखाचं शेवटचं पान काढायचं, रांगेवरून बोट फिरवत बाईंचं आडनाव शोधायचं आणि सापडलं तिथे चिठ्ठी घालायची. आठ दिवसांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या चिठ्ठ्या झाल्या. मी ओशाळून बाईंना म्हटलं, "माझंच काही चुकतंय. एवढ्या थोड्याच मिळाल्या."

"नाही गं. हे लग्नानंतरचं नाव. त्यानंतर माझं काम फारसं झालंच कुठे? खरं काम नागपूरला असतानाचं. ते जुन्या नावावर आहे. तुला सांगायचंच राहिलं." आणि चिठ्ठीवर त्यांनी इंग्रजीत एक नाव लिहून माझ्या हातात दिलं. "आमच्यात लग्नात पाळण्यातलं नावसुद्धा बदललं बघ. वडिलांचं नाव गेलं, आडनाव गेलं. त्या चिठ्ठीतलं एक अक्षरसुद्धा आता माझ्या खणावर नाही."

मला ताडून बघावं लागलं नाही. त्या नावाची लांबी माझ्या कात्रीला पाठ होती.

बाई बोलतच होत्या. "नागपूरला असताना मला किती कार्डं यायची! तुमच्या लेखाची एक प्रत पाठवा, म्हणून. ती असती तर निदान कोण वाचतंय ते कळलं असतं, त्यांना लिहून विचारता आलं असतं. तिथल्या कारकुनाला मी इथला पत्ता देऊनही आले होते. पण लग्नानंतर कार्डं एकदम बंदच झाली. पहिलं वर्षभर वाट बघितली. मग म्हटलं, विसरले लोक. असंच असतं."

त्यांच्या प्रयोगशाळेत खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक होता, त्यावर नेहमी कापडाची खोळ असायची. मला वाटायचं, धूळ बसू नये म्हणून. त्या दिवशी मला कळलं, आपलं कुणी वाचत नाही असं वाटून बाईंनी काम जवळजवळ सोडलं होतं, म्हणून ती खोळ.

बोलायला हवं होतं, तरी नाही बोलले. त्यानंतर दहा-बारा दिवस मी जुन्या नावाने खंड चाळले. आता चिठ्ठ्या भराभर पडू लागल्या. अमेरिका, आफ्रिका, कुठले कुठले लोक बाईंचं नाव लिहीत होते. प्रत्येक चिठ्ठीला बाई खूश व्हायच्या आणि मला चहा पाजायच्या. तो चहा अर्धा ठेवून मी परत खंडांकडे जायची. आमच्याकडे जर्नलं तरी किती? जी येत नव्हती त्यांतलं काय? ते सांगणारी कार्डं मी चुलीत घातली होती.

एकदा मामा चहा घेताना म्हणाले, "बाई, त्या बेवारशी खनात मागं..." आणि माझ्याकडे बघून गप्प झाले. नंतर जिन्यात मला म्हणाले, "ताई, मी न्हाय बोलनार. पर तुमी बोला. तिकिटं काढाया मीच सांगितलं, त्ये बी सांगा. माझं काय, मी रिटायरच होनार हाय."

मी दुसऱ्या दिवशी बोलले. दुपार होती, प्रयोगशाळेत कागदावर काणीची कणसं पसरलेली होती आणि बाई त्यांतली काळी भुकटी एका कुपीत झाडत होत्या. मी सगळं सांगितलं. खण, कात्री, चूल, वडील. मामांचं सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षी मला विभागाचं नाव वाचता येत होतं, हेही सांगितलं. ते न सांगताही भागलं असतं.

बाईंनी कुपीला बूच लावलं. बराच वेळ लावतच होत्या.

"किती होती?"

"मोजली नाहीत."

"मोजली असतीस तर बरं झालं असतं." एवढंच. मग हात धुऊन आल्या, आणि पाठमोऱ्या राहून म्हणाल्या, "म्हणजे येत होती."

"हो."

"तीन वर्षं येत होती."

"हो बाई."

त्या रडल्या की काय मला माहीत नाही. मी खाली बघत होते. मग त्या वळून म्हणाल्या, "वडील वस्तू जपून ठेवतात का?"

मी वडिलांना पत्र लिहिलं. काय लिहावं सुचेना. शेवटी खरं लिहिलं. मुलीचा मोठेपणा ज्या बापाने गावभर दाखवला, त्याला ती चोरी होती असं कळवणं, हे बाईंपुढे बोलण्याहून कठीण गेलं. पंधरा दिवसांनी नोंद केलेलं पुडकं आलं. आत माझी सहावीची वही. माझ्या गणितांच्या शेजारी, कोऱ्या राहिलेल्या पानांवर, वडिलांनी सगळी तिकिटं भाताच्या खळीने चिकटवली होती आणि खाली मास्तरांकडून देशांची नावं घातली होती. वहीत सात अख्खी कार्डं आणि ते निळं पत्र. वडिलांचं पत्र दोन ओळींचं. 'बाईंची वस्तू बाईंना द्यावी. तुला शाळेत पाठवलं असतं तर तू हे केलं नसतंस, तेव्हा दोष माझाही आहे.'

ती ओळ मी बाईंना वाचून दाखवली नाही.

बाईंनी काचेच्या पसरट बशांत कोमट पाणी घेतलं आणि वहीची पानं कापून त्यांत सोडली. खळ सुटली तशी तिकिटांचे कोपरे एकेक करून वर तरंगले. मी कार्डं कापली होती, त्यामुळे तिकिटाच्या पाठीला कार्डाची पाठ होती, आणि त्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याच्या संस्थेचं नाव छापलेलं असे. कापल्यावर त्याची पहिली चार-पाच अक्षरं उरली होती. बाई चिमट्याने एकेक उलटा करायच्या आणि वाचायच्या, "हा कॅनडाचा. हा तोच असणार, याचा लेख मी वाचलाय. हे काय आहे? पुसलं गेलं." काही ओळखू आले, बरेच नाही आले. मामा दारात उभे राहून म्हणाले, "पंचमीच्या लाह्या तरंगत्यात जनू." बाई हसल्या. मला हसू आलं नाही.

निळं पत्र त्यांनी शेवटी उघडलं. ते ऑस्ट्रेलियातल्या एका संशोधकाचं होतं. तो काणीवरच काम करत होता. तुमच्या कोरड्या भागातल्या कणसांचे नमुने पाठवाल का, आपण मिळून लेख लिहू, असं त्याने विचारलं होतं. पत्र दोन वर्षांपूर्वीचं. बाईंनी ते दोनदा वाचलं, मला अर्थ सांगितला आणि घडी घालून वहीत ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यांनी सगळ्यांना पत्रं लिहिली. पण परदेशची उत्तरं यायला महिने लागतात, आणि फॉर्मची मुदत त्याआधी संपली. ऑस्ट्रेलियावाल्याचं उत्तर तेवढं लवकर आलं. फार सभ्य होतं. तुम्ही काम सोडलं असं समजून मी दुसऱ्यांबरोबर ते पुरं केलं, वाईट वाटतं, असं होतं त्यात. फॉर्मात 'कुणाबरोबर मिळून काम केलं' या रकान्यात नागपूरच्या आपल्या जुन्या मार्गदर्शक सरांचं नाव घालून झाल्यावर परदेशाच्या ओळीवर बाईंनी आडवी रेघ मारली. ती रेघ मारताना मी शेजारी उभी होते.

मान्यता मिळाली नाही. 'आधाराच्या नोंदी अपुऱ्या, पुन्हा अर्ज करावा,' असं आलं. प्राचार्यांनी बाईंना बोलावून विचारलं, एवढं काम असताना नोंदी अपुऱ्या कशा? मी तेव्हा त्यांच्या केबिनबाहेर रजिस्टर घेऊन उभी होते. आत बाई म्हणाल्या, "लग्नानंतर नाव बदललं सर. जुन्या नावाचं टपाल गहाळ झालं."

"कुणाच्या हातून?"

"माझ्याच. नाव बदललं हे मी जगाला कळवायला हवं होतं, ग्रंथालयाला तरी कळवायला हवं होतं."

बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "रजिस्टर दे आत. उभी काय राहिलीस?"

या गोष्टीला आता दोन वर्षं होऊन गेली. मामा रिटायर होऊन मंगळवेढ्याला गेले, पण सुगीत कणसांची पिशवी एस.टी.ने अजून येते. टपालाच्या खणांवर आता बाईंच्या नावाच्या दोन चिठ्ठ्या आहेत, एकाखाली एक. सूक्ष्मदर्शकावरची खोळ निघाली आहे. त्याने माझा अपराध कमी झाला असं मी म्हणणार नाही. बाई अजून बी.एस्सी.लाच शिकवतात, आणि ज्या दोन मुलांना त्यांच्या हाताखाली काम करायचं होतं ती दुसरीकडे गेली.

मी एक वही सुरू केली आहे. डाव्या पानावर जुनं नाव, उजव्या पानावर नवं. नवा अंक आला की मी आधी त्याची शेवटची पानं बघते. ह्यांना पुण्याला एस.टी. घेऊन जावं लागलं की मीही सुट्टी काढून बरोबर जाते आणि तिथल्या ग्रंथालयात बसून सूची उतरवते. तिथले लोक विचारतात, "शिक्षण किती?" मी सहावी सांगते. ते बाजूला सरकून जागा देतात.

बाई, तुम्ही हे वाचाल की नाही मला माहीत नाही. वही अजून पुरी झालेली नाही. पण पुन्हा फॉर्म भरायची वेळ येईल तेव्हा तुमची दोन्ही नावं एकाच यादीत, एकही नोंद न गाळता, मी माझ्या हाताने तुमच्या टेबलावर आणून ठेवीन. मी जाळली त्यांतली जितकी परत मिळवता येतील तितकी मिळवीन. आणि त्या आडव्या रेघेच्या जागी लिहायला कुणाचं पत्र आलं, तर ते त्याच दिवशी, धावत, तुमच्या हातात देईन.